छिन्नी आणि माती : शिल्पाच्या दोन रीतींचा संवाद

शिल्पकलेच्या पद्धतींची वर्गवारी अनेक प्रकारे करता येत असली, तरी तिच्या मुळाशी दोनच क्रिया आहेत. समोरच्या घन पदार्थातून नको असलेला भाग काढत जाणे ही पहिली, आणि मऊ पदार्थाचा थरावर थर चढवत रूप उभे करणे ही दुसरी. पहिल्या क्रियेला तक्षण म्हणतात. दगड, लाकूड आणि हस्तिदंत हे तिचे पदार्थ असून छिन्नी, टाकी आणि हातोडा ही तिची हत्यारे आहेत. दुसरीला या लेखात घडण म्हटले आहे. माती आणि मेण हे तिचे मूळ पदार्थ होत, आणि त्यांत सिद्ध झालेले रूप टिकावे म्हणून ते बहुधा साच्याच्या मार्फत प्लास्टर, सिमेंट किंवा धातूत उतरवले जाते. धातूचा रस साच्यात सोडून मूर्ती सिद्ध करण्याच्या कामाला ओतकाम म्हणतात.

या दोन रीतींपैकी शिल्पकलेचे खरे स्वरूप कोणतीत प्रकटते, हा वाद युरोपात आणि भारतात वेगवेगळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. पुढील संवादात त्या वादाच्या दोन्ही बाजू दोन अभ्यासकांच्या तोंडी मांडल्या आहेत. त्यांपैकी तक्षणवादी हा पश्चिम भारतातील लेण्यांचा अभ्यासक आहे, तर घडणवादी हा कलाशाळांतील मातीकामाच्या आणि ओतकामाच्या परंपरेचा जाणकार आहे. दोघांनाही एकमेकांच्या ज्ञानाविषयी आदर आहे, आणि म्हणूनच दोघेही सहजासहजी माघार घेत नाहीत.

तक्षणवादी : शिल्पाची कसोटी तक्षणातच लागते, कारण तिथे केलेले परत घेता येत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्लोरेन्सचा विद्वान बेनेदेत्तो वार्की याने चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला, असा प्रश्न कलावंतांपुढे ठेवला, तेव्हा मायकेलॅन्जेलोने दिलेल्या उत्तरात असा भेद केला होता की, काढून टाकण्याच्या बळावर होते ते खरे शिल्प, आणि भर घालत होते ते चित्रकलेच्या जवळचे काम. त्या भेदाचा सर्वांत भव्य पुरावा वेरूळच्या सोळाव्या लेण्यात आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे कैलास मंदिर बांधलेले नसून, डोंगराच्या उतारात चर खणून मधला कातळ सुटा केला आणि मग तो वरून खाली कोरत नेला, अशा क्रमाने ते साकारले आहे. प्रांगण सुमारे ८० मीटर लांब आहे आणि मागच्या बाजूला चराची खोली सुमारे ३० मीटर आहे. बांधकामात पाया आधी आणि कळस शेवटी येतो. इथे कळस आधी आणि जोते शेवटी आले. शिखराचे प्रमाण ठरले त्या क्षणी जोत्याचे मापही ठरून गेले होते, आणि जोत्यापर्यंत पोचल्यावर शिखरात बदल करण्याची सोय उरली नव्हती. शके ७३४ च्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या एका मंदिराचे वर्णन येते, आणि ते घडवणाऱ्यालाच आपल्या कृतीचे आश्चर्य वाटले, असे त्यात म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक ते मंदिर म्हणजे कैलासच मानतात. एवढी दूरदृष्टी मातीच्या कामात कधी लागत नाही.

घडणवादी : कैलासाच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही, परंतु आपण परत न फिरण्याच्या कठोरपणालाच कलेचा गुण ठरवत आहात. विचार हा चाचपडत पुढे जातो, आणि चाचपडण्याची मुभा देणारा पदार्थ हाच शिल्पकाराच्या विचाराचा खरा साथी असतो. मातीकामात आधी लोखंडी नळ्या, लाकूड आणि तारा यांचा सांगाडा उभा राहतो, मग त्यावर माती लिंपली जाते. वळण चुकले तर माती काढता येते, खांदा खाली आला तर वर घेता येतो, आणि रात्री ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेले काम दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताला तितकेच मऊ लागते. माणसाच्या चेहऱ्यावरचा क्षणिक भाव पकडायचा असेल, तर तो पकडण्याइतकी चपळाई मातीतच आहे. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ साली, ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेल्या तरुणीच्या अंगावरील नऊवारीच्या निऱ्या, पुढे पडणाऱ्या पावलामुळे त्या निऱ्यांना आलेला ताण आणि चेहऱ्यावरची विनम्र एकाग्रता हे सारे मातीवर बोटे फिरवत शोधलेले आहे. आज ती कृती प्लास्टरमध्ये दिसते, म्हणून तिचे मोल उणे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तक्षणवादी : मुभा असते हे मान्य, पण जिथे प्रत्येक गोष्ट पुन्हा करता येते, तिथे प्रत्येक निर्णयाचे वजनही कमी होते. अजिंठ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या चोविसाव्या लेण्यात कातळ कसा काढत असत, हे आजही दिसते : आधी समांतर खोल चर पाडायचे आणि मग मधले उभे राहिलेले पट्टे फोडायचे. प्रत्येक चर हा पुढच्या चरासाठी बांधून घेणारा निर्णय होता. शिवाय कातळ एकजिनसी नसतो. दख्खनचा बेसॉल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या प्रवाहांनी बनलेला असून त्यात भेगा असतात, पोकळ्या असतात, दोन प्रवाहांच्या मध्ये लाल मातकट थर सापडतो. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात छताचा कातळ सदोष निघाला आणि ढासळला, तेव्हा कारागिरांनी छत आणखी वर नेऊन नव्याने कोरले. म्हणजे दगडातही चूक निस्तरता येते, पण ती झाकून नव्हे. तिला सामावून घेणारी नवी रचना करूनच. हा शिस्तीचा धडा माती देत नाही.

घडणवादी : आपला युक्तिवाद माती सुकण्यापूर्वीच थांबतो, ही त्यातली उणीव आहे. मातीचे काम ही घडणीची केवळ पहिली पायरी होय. मेण गाळून ओतण्याच्या रीतीत, जिला शिल्पग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हणतात, मेणाच्या मूर्तीवर आधी बारीक आणि मग जाड मातीचे थर चढतात. धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी वाटा ठेवल्या जातात. साचा सावलीत सुकवून तापवला की मेण वितळून बाहेर येते आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातूचा रस सोडला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ही सारी कृती सांगितली असून, मेण तोलून त्यावरून धातूचे प्रमाण ठरवावे असेही त्यात सांगितले आहे. त्या हिशेबाला भक्कम आधार आहे. मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी आणि कांस्याची पाण्याच्या जवळजवळ नऊपट असल्यामुळे, वजनाने सुमारे नऊपट धातू नसेल तर मूर्ती अर्धवट राहणार हे निश्चित. धातूचा रस सुमारे ११०० अंश सेल्सिअसला साच्यात जातो, आणि पुढे काय घडते ते कोणाला दिसत नाही. साच्यात ओलावा राहिला, हवेची वाट बुजली किंवा रस मध्येच थंडावला, तर महिन्यांचे काम काही क्षणांत वाया जाते, आणि मेण तर आधीच गेलेले असते. परत न घेता येणारा निर्णय घडणीतही असतो. फक्त तो रोजच्या घावांत विभागलेला नसून एका ओतणीत एकवटलेला असतो.

या मुद्द्यापाशी वादाचे रूप बदलते. तोपर्यंत तक्षणवादी दगडाच्या कठोरपणाला आणि घडणवादी मातीच्या मऊपणाला आपापल्या पक्षाचे बळ मानत होता. पण माघार न घेता येणारा क्षण दोन्ही रीतींत असतो आणि फरक आहे तो त्या क्षणाच्या जागेचा, हे स्पष्ट झाल्यावर पदार्थाच्या कठीणपणावरून श्रेष्ठत्व ठरवता येत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न असा उभा राहतो की, ही जागा बदलल्याने शिल्पाच्या रूपात काय बदलते.

तक्षणवादी : ओतणीविषयीचे म्हणणे योग्य आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला आणि पुण्यात १९२८ साली अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला होता. एवढे काम एकाच ओतणीत साधण्यासाठी लागणारी तयारी लेणे खोदणाऱ्या स्थपतीच्या तयारीहून कमी म्हणता येणार नाही. मात्र रूपाचा विचार करू लागल्यावर दगडाचा दावा पुन्हा उभा राहतो. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची ताकद साधारणपणे त्याच्या दशांशाएवढीच असते. म्हणून दगडाची मूर्ती आपले अवयव स्वतःशी बांधून ठेवते, हात देहालगत घेते, पाठ कातळाला टेकते. घारापुरीच्या सदाशिवाकडे पाहावे. सुमारे साडेपाच मीटर उंचीचे ते शिल्प मागच्या भिंतीच्या कातळातून पुढे आलेले आहे. तीन मुखे दिसतात आणि उरलेले रूप कातळाच्या आत आहे, असे पाहणाऱ्याला जाणवते. पार्श्वभूमीला चिकटून असलेल्या अशा शिल्पाला उत्थितशिल्प म्हणतात, आणि उठाव जितका खोल तितकी छाया दाट. डोंगरातून देव प्रकट होतो आहे, हा अर्थ त्या मूर्तीत आला तो दगडाच्या मर्यादेमुळेच. हेच शिल्प धातूत ओतून चौथऱ्यावर ठेवले, तर तो अर्थ नाहीसा होईल.

घडणवादी : आणि हाच न्याय उलट दिशेनेही लावला पाहिजे. चोळकालीन नटराजाचा उचललेला पाय, दोन्ही बाजूंना उडालेल्या जटा, चार हातांचा मोकळा पसारा आणि भोवतीची ज्वाळांची प्रभावळ हे रूप दगडात सुटे उभे राहिले असते, तर पहिल्याच धक्क्याला मोडले असते. धातू ताण सोसतो, त्यामुळे एका पायावर सारा भार तोलता येतो आणि मूर्तीच्या अवयवांमधली मोकळी जागाही रूपाचा भाग होते. या भेदाचा पुरावा रोमन शिल्पांत आहे. ग्रीकांच्या मूळ कांस्यमूर्तींच्या प्रती रोमनांनी संगमरवरात केल्या, तेव्हा धातूत सहज उभ्या राहणाऱ्या त्या आकृत्यांच्या पायांना झाडाच्या बुंध्याचा किंवा खांबाचा टेकू द्यावा लागला. खुद्द मायकेलॅन्जेलोच्या डेव्हिडच्या उजव्या पायामागेही असा बुंधा आहे. घोड्याच्या चार पायांवर सगळा भार पेलणारा अश्वारूढ पुतळा धातूला शोभतो. दगडात तो करायचा तर पोटाखाली आधार ठेवावा लागतो. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोची नर्तकी अवघी साडेदहा सेंटिमीटर उंच आहे, पण कमरेवर टेकवलेल्या हातामुळे देहाशी तयार झालेली मोकळी जागा हीच तिच्या डौलाची किल्ली आहे. पश्चिम महाराष्ट्रात दायमाबादला १९७४ साली मिळालेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हेही ओतीवच आहेत, आणि तेही भरीव. म्हणजे धातूच्या रूपाची परंपरा या भूमीत लेण्यांच्याही पूर्वीची आहे.

तक्षणवादी : दायमाबादच्या वस्तूंच्या काळाविषयी मतभेद असले, तरी लेण्यांपूर्वी धातूचे ओतकाम होते हे नाकारता येणार नाही. परंतु यातून एक मोठे तत्त्व निघते, आणि ते तक्षणाच्याच बाजूचे आहे : प्रत्येक पदार्थाने आपल्या स्वभावाप्रमाणे दिसावे. शिल्पकार ब्रांकुसी १९०७ साली रोदँच्या कार्यशाळेतून थोड्याच दिवसांत बाहेर पडला आणि थेट दगड कोरू लागला, त्यामागे हीच धारणा होती. रोदँ मातीत घडवत असे आणि त्याच्या संगमरवरी कृती त्याचे साहाय्यक मातीच्या आकारावरून कोरत असत; त्यामुळे दगडाला मातीचा वेश चढत असे. ज्या पदार्थात शिल्प अखेर उभे राहणार, त्याच पदार्थात त्याचा विचार व्हावा, हा आग्रह वाजवी नाही काय?

घडणवादी : आग्रह आकर्षक आहे, पण तो आपल्याच लेण्यांना लावला तर काय होते, ते पाहावे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या आजही टिकून आहेत. त्या कोणताही भार पेलत नाहीत, कारण छत अखंड कातळाचे आहे. भाज्याच्या चैत्यातील खांब आतल्या बाजूला कललेले आहेत; लाकडी इमारतीत त्या कलण्याला प्रयोजन होते, कातळात ते उरत नाही. कैलास मंदिर पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरासारख्या बांधीव मंदिराचे रूप डोंगरात कोरते, म्हणजे एकमेकांवर रचलेल्या दगडांचा भास अखंड कातळात निर्माण करते. इतकेच नव्हे, तर त्या मंदिरावर चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर रंगही होते, ज्यांचे अवशेष अजून दिसतात. त्या रंगांमुळेच त्याला रंगमहाल म्हणत असत. पदार्थाने आपल्या स्वभावाप्रमाणेच दिसावे, हे तत्त्व मान्य केले, तर महाराष्ट्रातील सर्वांत थोर तक्षणकाम त्या कसोटीवर उतरत नाही.

तक्षणवादी : हा आक्षेप खोडून काढता येणारा नाही, आणि तो खोडण्याचा अट्टहास करणे कैलासाच्या कर्त्यांवर अन्याय करणारे ठरेल. त्यांना दगड दिसावा असे वाटत नव्हते. त्यांना मंदिर दिसावे असे वाटत होते. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. वरवर दिसणारा पृष्ठभाग बांधीव मंदिराचा असला, तरी मंदिराची एकूण मांडणी आणि प्रत्येक भागाचे वरून खाली जाणारे प्रमाण हे तक्षणाच्या क्रमातूनच आले आहे. म्हणजे पदार्थाची निष्ठा पृष्ठभागावर शोधायची नसून कामाच्या क्रमात शोधायची आहे.

घडणवादी : आपण आता जे म्हणालात, ते घडणीलाही लागू पडते. मातीच्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा काढताना पहिला पातळ थर रंग घालून देतात आणि वरचे थर पांढरे ठेवतात. साच्यातून माती काढून त्यात प्लास्टर भरले, की बाहेरचा साचा छिन्नीने फोडावा लागतो, आणि तो रंगीत थर दिसू लागला की कारागीर हात हलका करतो, कारण त्याच्या लगेच खाली मूर्ती असते. अशा साच्याला वेस्ट मोल्ड म्हणतात, कारण तो एकदाच कामाला येतो. म्हणजे भर घालून घडवलेली मूर्ती अखेर छिन्नीच्या घावांनीच बाहेर येते. दुसरीकडे, बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली आणि १९५४ साली शिर्डीत स्थापन झालेली साईबाबांची मूर्ती संगमरवराची असली, तरी तिचे रूप आधी मातीत निश्चित झाले होते. अशा कामात मातीच्या किंवा प्लास्टरच्या आकृतीवरील बिंदूंची खोली मोजून ती दगडावर उतरवतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणाला पॉइंटिंग मशीन म्हणतात. त्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या भक्ताला दगडातल्या चेहऱ्यात जी सजीवता जाणवते, ती मातीवर फिरलेल्या बोटांतून आली आहे. शुद्ध तक्षण आणि शुद्ध घडण ही विभागणी कारखान्यात टिकत नाही.

तक्षणवादी : कारखान्यात ती मिसळते हे खरे, पण त्यातून प्रतींचा प्रश्न उद्भवतो, आणि तो टाळून चालणार नाही. कैलास दुसरे होऊ शकत नाही. साचा मात्र हवे तेवढे नमुने देतो, आणि मग मूळ कृती कोणती व प्रत कोणती, हा भेद पुसट होतो. आज सिलिकॉन रबरचा साचा एकदा तयार झाला, की त्यातून मेणाच्या प्रती आणि त्यांवरून धातूच्या प्रती काढत राहता येतात.

घडणवादी : साच्याचे हे सामर्थ्य आधुनिक काळातले नाही आणि ते कमीपणाचेही नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातील मृण्मूर्ती आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या लहान मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत, आणि तेथील संग्रहालयात त्या पाहता येतात. त्यांतील अनेक दुहेरी साच्यातल्या आहेत : पुढची आणि मागची बाजू वेगळ्या साच्यांत दाबून घ्यायची, दोन्ही अर्धुके ओली असतानाच जोडायची आणि मग भाजायची, म्हणजे आत पोकळ, हलकी आणि भट्टीत न फुटणारी मूर्ती मिळते. या मूर्ती घरोघर जाव्यात यासाठीच त्या घडल्या होत्या. कातळातला देव पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत असे. साच्यातली मूर्ती मात्र घरातल्या कोनाड्यात येत असे. प्रत होणे हा दोष नसून ती त्या रीतीची सामाजिक शक्ती आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही साचा असतोच, पण डोळ्यांची आखणी अनुभवी कारागीर हातानेच करतो, आणि मूर्तीची ओळख तिथेच ठरते.

इथे दोन्ही अभ्यासकांचे एका गोष्टीवर एकमत होते : विसाव्या शतकात या दोन रीतींच्या पलीकडे गेलेली कामे लक्षात घेतल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. शांतिनिकेतनमध्ये रामकिंकर बैज यांनी १९३८ साली घडवलेले ‘संथाल कुटुंब’ हे सिमेंट आणि जांभ्याची खडी यांच्या मिश्रणाचे, सांगाड्यावर थेट थापलेले शिल्प आहे. त्यात मातीप्रमाणे भर घातली जाते, पण मिश्रण लवकर घट्ट होत असल्याने दगडाप्रमाणे ते माघारही घेऊ देत नाही. म्हणून खरखरीत पृष्ठभाग आणि झपाट्याने टाकलेले आकार हेच त्याचे सौंदर्य बनले. अलिबागजवळच्या सासवणे येथील करमरकरांच्या संग्रहालयात सिमेंटमधील कामे पाहताना, पुतळ्यांसाठी ख्याती पावलेल्या शिल्पकाराने या स्वस्त आणि उघड्यावर टिकणाऱ्या पदार्थावर किती हुकमत मिळवली होती, ते कळते. मुंबईत आदी दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला यांनी धातूचे तुकडे जोडून शिल्पे उभारली. या तिसऱ्या रीतीला जोडकाम म्हणता येईल : त्यात पदार्थ काढला जात नाही, थरही चढवला जात नाही, वेल्डिंगने सुटे भाग अवकाशात जोडले जातात. विशेष असे की, हे दोघेही दगडी उत्थितशिल्पांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एन. जी. पानसरे यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले होते. दगडाच्या शिस्तीतून आलेल्या विद्यार्थ्यांनी जोडकाम निवडावे, यावरून एका रीतीचे शिक्षण दुसऱ्या रीतीत वाया जात नाही, हे स्पष्ट होते.

तक्षणवादी : मग अखेरचा प्रश्न आजच्या सार्वजनिक शिल्पांचा उरतो. काचतंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणातून केलेले फायबरचे पुतळे कांस्यासारखा रंग देऊन चौकांत उभे केले जातात, आणि दगडाचा भास देणारे प्लास्टर दगड म्हणून मिरवते. कैलासाच्या गिलाव्याला जी सूट दिली, ती यांनाही द्यायची काय?

घडणवादी : नाही, आणि या बाबतीत दोन्ही पक्ष एकाच बाजूला उभे राहतील. कैलासाचा गिलावा कातळाचा आकार लपवत नव्हता, तो पुरा करत होता. आकाराचे सगळे निर्णय कातळात झालेलेच होते. फायबरच्या पुतळ्यात वाईट काही नाही. तो हलका आहे, स्वस्त आहे आणि एखाद्या नाटकाच्या नेपथ्याला उत्तम आहे. तक्रार आहे ती कांस्याच्या रूपाची बेफिकीर नक्कल करण्याविषयी. कांस्यात पातळ कडा, मोकळे अवयव आणि एका पायावरचा तोल हे धोके पत्करून मिळवलेले असतात. फायबरमध्ये ते फुकट मिळतात म्हणून शिल्पकार त्यांचा विचारच सोडून देतो, आणि मग चौकातले सगळे पुतळे एकसारखे हात वर करून उभे दिसतात. गणपतीच्या मूर्तींसाठी शाडूच्या मातीऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस आले तेव्हाही हेच झाले. प्लास्टर म्हणजे जिप्सम सुमारे दीडशे अंशांना तापवून त्यातील बरेचसे पाणी घालवलेली भुकटी, जी पाण्याशी मिळताच पुन्हा घट्ट होते. त्यामुळे मूर्ती लवकर, हलकी आणि हव्या त्या आकारात होऊ लागली, पण विसर्जनानंतर पाण्यात मिसळून जाण्याचा शाडूचा गुण तिने गमावला. पदार्थ बदलला की त्याच्या मूळ निवडीमागचे प्रयोजनही पुन्हा तपासून पाहिले पाहिजे.

तक्षणवादी : तसे असेल, तर शिल्पाचा न्याय करताना पहिला प्रश्न पदार्थ कोणता हा नसून, या कामात मागे फिरण्याची वाट कुठे बंद झाली, हा असला पाहिजे.

घडणवादी : आणि दुसरा प्रश्न असा की, ती वाट बंद होण्याआधी कर्त्याने किती शोध घेतला होता.

या दोन प्रश्नांनी वाद मिटतो असे नाही, पण त्याला योग्य जागा मिळते. तक्षणात माघारीची वाट पहिल्या घावापासून बंद होऊ लागते, म्हणून तिथे शोध आधी, मनात आणि आखणीत, पुरा व्हावा लागतो. घडणीत ती वाट ओतणीपर्यंत उघडी असते, म्हणून शोध हातात घडतो आणि धोका शेवटी एकवटतो. सिमेंटमध्ये ती वाट मिश्रण घट्ट होण्याच्या वेळेवर बंद होते, तर जोडकामात ती बरीचशी खुली राहते, कारण वेल्डिंगचा सांधा कापून तुकडा दुसरीकडे लावता येतो. शिल्पाची रीत म्हणजे मूलतः निर्णयांचा क्रम होय, आणि पदार्थ हा त्या क्रमातील न परतीच्या जागा ठरवणारा घटक होय. घारापुरीच्या सदाशिवाची भिंतीशी असलेली घट्टता, नटराजाचा मोकळा पाय, मंदिरपथगामिनीच्या निऱ्यांतील नाजूक ताण आणि संथाल कुटुंबाचा खडबडीत पृष्ठभाग ही चार वेगळ्या अभिरुचींची उदाहरणे तर आहेतच, पण त्याआधी ती अशा चार क्रमांची फळे आहेत.

या दृष्टीने पाहिले, तर संग्रहालयांत आणि चौकांत शिल्पाखाली लावल्या जाणाऱ्या पाट्यांवर केवळ नाव, कर्ता आणि काळ लिहून भागत नाही. मूर्ती कोरलेली आहे की ओतलेली, ओतीव असेल तर भरीव आहे की पोकळ, तिचे रूप आधी मातीत ठरले होते की थेट दगडात, आणि आज दिसणारी कृती मूळ आहे की साच्यातली प्रत, एवढे चार शब्द त्या पाटीवर असले पाहिजेत. शाळेच्या सहलीत अजिंठा-वेरूळ पाहणाऱ्या मुलांना देवदेवतांची नावे सांगितली जातात, आणि ती सांगितली जावीतच. पण चोविसाव्या लेण्यातले अर्धवट चर आणि कैलासाचा आधी कोरलेला कळस त्यांना दाखवला, तर कारागिराने कोणत्या क्षणी काय पणाला लावले होते, ते त्यांना कळू लागेल. तक्षणवादी आणि घडणवादी यांचा वाद त्या मुलांना पुढे चालवता आला पाहिजे, कारण मराठी समाजाजवळ त्या वादाच्या दोन्ही बाजूंचे उत्कृष्ट पुरावे आहेत आणि ते वाचायला शिकवण्याची जबाबदारीही त्याच समाजाची आहे.